लेस्टर शहराची आकड्यांतील ओळख लिहिताना

इंग्लंडमधील एखाद्या धर्मादाय संस्थेने अनुदानासाठी अर्ज केला, की निधी देणारी मंडळी सुरुवातीलाच विचारतात : तुम्ही ज्या भागात काम करता तो कसा आहे, तिथे कोण राहते, त्यांची रोजीरोटी कशावर चालते, आणि तुमच्या कामाची तिथे गरज आहे हे कशावरून? या प्रश्नांचे उत्तर म्हणून अर्जासोबत काही पानांचे टिपण जोडण्याची पद्धत आहे. त्याला इथे ‘एरिया प्रोफाइल’ म्हणतात. लेस्टरच्या पूर्व भागातील ज्या सल्ला केंद्रात मी काम करते, तिथले जुने प्रोफाइल २०११ च्या जनगणनेवर बेतलेले होते. २०२१ च्या जनगणनेचे तपशील टप्प्याटप्प्याने जाहीर होऊन पुरेसे हाती आल्यावर, २०२३ च्या हिवाळ्यात, ते नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. वरवर पाहता हे काम सोपे वाटते, कारण आकडे सगळ्यांना खुले आहेत आणि ते उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक आकड्यामागे कोणाला मोजले, कुठे उभे राहून मोजले आणि केव्हा मोजले हे तपासल्याशिवाय तो कागदावर ठेवणे मला योग्य वाटेना, आणि त्या तपासणीतच माझा बहुतेक वेळ गेला.

पहिला प्रश्न हद्दीचा होता. लेस्टर हे १ एप्रिल १९९७ पासून स्वतंत्र, एकस्तरीय प्राधिकरण आहे; म्हणजे शाळा, समाजकल्याण, रस्ते, घरे हे सारे एकाच सिटी कौन्सिलकडे असते आणि भोवतालच्या लेस्टरशायर काउंटीचा कारभार वेगळा चालतो. ‘लेस्टरशायर’ असे शीर्षक असलेल्या तक्त्यात कधी शहर धरलेले असते, कधी वगळलेले असते, म्हणून नावावर विसंबून न राहता प्रत्येक ठिकाणी शहराचा अधिकृत संकेतांक, ई०६००००१६, जुळतो की नाही हे पाहावे लागते. शहराचे क्षेत्रफळ जेमतेम ७३ चौरस किलोमीटर आहे आणि वस्ती त्या रेषेपाशी थांबत नाही. शहराच्या दक्षिणेकडून चालत निघालो तर घरांची रांग न तुटता आपण ओडबीत पोचतो, आणि ओडबी हा ओडबी अँड विगस्टन या दुसऱ्याच बरोचा, म्हणजे वेगळे कौन्सिल असलेल्या स्थानिक विभागाचा, भाग आहे. लेस्टर विद्यापीठाची मुख्य इमारत शहरात आहे, पण त्याची मोठी वसतिगृहे ओडबीत आहेत. त्यामुळे रोज शहरात शिकणारी ती मुले शहराच्या लोकसंख्येत येत नाहीत. फॉस पार्क हे मोठे खरेदी केंद्र ब्लॅबी डिस्ट्रिक्टमध्ये मोडते, म्हणून शहरातील जी मुले-मुली तिथल्या दुकानांत कामाला जातात त्यांच्या नोकऱ्या ब्लॅबीच्या खात्यावर जमा होतात. मागच्या दीडशे वर्षांत जी सुखवस्तू उपनगरे वाढली त्यांपैकी बरीचशी या रेषेच्या पलीकडे राहिली आहेत. शहराची सरासरी गरीब दिसते त्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते मी प्रोफाइलच्या पहिल्या पानावर नकाशासह लिहिले. शहराच्या हद्दी वाढवाव्यात असा प्रस्ताव सिटी कौन्सिलने २०२५ मध्ये पुढे आणला, तेव्हा हा मुद्दा केवळ कागदी नाही हे अनेकांच्या ध्यानात आले असेल.

लोकसंख्येचा आकडा त्यामानाने सरळ होता. २०११ मध्ये सुमारे ३,२९,८०० असलेली वस्ती २०२१ मध्ये ३,६८,६०० झाली. ही वाढ ११.८ टक्क्यांची आहे आणि इंग्लंडच्या ६.६ टक्क्यांच्या मानाने ती बरीच मोठी आहे. निम्म्या रहिवाशांचे वय ३३ किंवा त्याहून कमी आहे. देशासाठी हेच मध्यवय ४० आहे. परंतु दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय जे वार्षिक अंदाज देते, त्यांनी २०१९ च्या मध्याला शहरात ३,५४,२२४ माणसे असल्याचे सांगितले होते. दोनच वर्षांनी प्रत्यक्ष मोजणीत चौदा हजारांहून अधिक माणसे जास्त निघाली. ती सगळीच्या सगळी दोन वर्षांत आली असतील हे संभवत नाही. जन्म-मृत्यूची नोंद पक्की असते; स्थलांतराचा अंदाज मात्र ढिला असतो, आणि जिथे येणे-जाणे जास्त तिथे ही चूक वर्षागणिक साचत जाते. ज्या गावात दवाखान्यात नाव घालायला रांग लागते आणि शाळांत वर्षाच्या मध्यावर मुले दाखल होत राहतात, त्या गावाला ही चूक अंगावर सोसावी लागते. सरकारकडून कौन्सिलला मिळणाऱ्या निधीच्या सूत्रात तर २०१३-१४ नंतर लोकसंख्येची नवी माहिती घातलीच गेली नव्हती. हे वाचताना मला मनस्वी वाईट वाटले, कारण आमच्या केंद्राच्या दारात सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जण त्या सूत्राच्या दृष्टीने या शहरात राहतच नव्हते.

हे आकडे घेण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे नोमिस, डरम विद्यापीठ राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयासाठी चालवते ती सेवा. तिथून वयाचा तक्ता आणि वांशिक गटांचा तक्ता एकापुढे एक उघडून ठेवले, की तळाच्या बेरजा अगदी थोड्या फरकाने जुळत नाहीत. हा दोष नसून योजना आहे. एखाद्या लहान मोहल्ल्यात एखाद्या देशातून आलेले एकच कुटुंब असेल तर तक्त्यावरून ते ओळखता येऊ नये, म्हणून काही नोंदींची जवळच्या भागांत अदलाबदल केली जाते आणि लहान आकडे हलक्या हाताने हलवले जातात. शहराच्या पातळीवर याने काही बिघडत नाही. पण हजार-पंधराशे वस्तीच्या गणना-विभागात ‘चार माणसे’ असे दिसले तर ते चारच आहेत असे धरू नये. मी प्रोफाइलमध्ये टक्केवारी दशांशानंतर एकाच स्थळापर्यंत ठेवली आणि लहान भागांसाठी पूर्णांकात दिली, ती याच कारणाने.

आता शहरात कोण राहते याविषयी. २०२१ मध्ये रहिवाशांपैकी ४३.४ टक्क्यांनी स्वतःला आशियाई गटांत आणि ४०.९ टक्क्यांनी श्वेतवर्णीय गटांत नोंदवले. केवळ भारतीय म्हणून नोंद करणारे ३४.३ टक्के होते. वर्तमानपत्रांनी यावर मोठे मथळे दिले. मला मात्र या एका शीर्षकाखाली किती वेगवेगळी माणसे बसवली गेली आहेत हे उलगडणे अधिक महत्त्वाचे वाटले, कारण आमच्याकडे येणाऱ्या माणसाचा प्रश्न त्याच्या वंशावरून ठरत नसतो. तो ठरतो तो इथे कोणत्या कागदावर राहतो त्यावरून.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिथल्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात घरे आणि शाळा अपुऱ्या आहेत, इथे येऊ नका, असे कळवले होते. लोक तरीही आले, आणि बेलग्रेव्ह रोडवरची सोन्याची, साड्यांची, मिठाईची दुकाने त्यांनी उभी केली. ही मंडळी वांशिक गटाच्या तक्त्यात भारतीय असतात, जन्मदेशाच्या तक्त्यात युगांडा किंवा केनिया म्हणजे आफ्रिकेत असतात, आणि पारपत्राच्या तक्त्यात ब्रिटिश असतात. दुसरीकडे, भारतात जन्मलेले रहिवासी १६ टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यांत पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या आज्या, रुग्णालयातल्या परिचारिका, विद्यापीठातले विद्यार्थी असे सगळे एकत्र मोजलेले असतात.

याच गर्दीत दमण आणि दीवची माणसे आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालच्या कायद्यानुसार तिथले नागरिकत्व नोंदवता येते, आणि त्या पारपत्रावर ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत इथे विनासायास राहता येत असे. गोव्याची बरीच कुटुंबे स्विंडनला आणि लंडनच्या पश्चिम भागात गेली. दमण-दीवची लेस्टरला आली. जनगणनेच्या ठरीव तक्त्यांपैकी एकही त्यांना वेगळे दाखवत नाही. पारपत्राच्या तक्त्यात ते पोर्तुगीज असतात आणि लिस्बनहून आलेल्यांच्या शेजारी बसतात. जन्मदेशाच्या तक्त्यात ते भारतीय असतात आणि वर सांगितलेल्या गर्दीत मिसळतात. सांख्यिकी कार्यालयाने २०२३ पासून दोन-तीन प्रश्नांचा छेद घेऊन स्वतःचा तक्ता बनवण्याची सोय दिली आहे. तिथे उभ्या ओळींत जन्मदेश आणि आडव्या ओळीत पारपत्र ठेवून जेव्हा ‘जन्म भारत, पारपत्र युरोपीय संघातील देशाचे’ हा चौकोन भरून आला, तेव्हा आमच्या केंद्रात रोज भेटणारी एक अख्खी वस्ती मला पहिल्यांदाच कागदावर दिसली. या लोकांना युरोपीय नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेत ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता, आणि ज्यांना ‘प्री-सेटल्ड’ म्हणजे तात्पुरता दर्जा मिळाला त्यांना युनिव्हर्सल क्रेडिटसारखी मदत मागताना आपला हक्क वेगळा सिद्ध करावा लागतो. त्यांना लागणारा सल्ला युगांडाहून आलेल्या आजोबांच्या कामाचा नसतो आणि विद्यार्थ्यांच्याही नसतो. प्रोफाइलमधील सगळ्यात मोठे परिच्छेद मी इथेच खर्च केले.

भाषेच्या बाबतीतही असाच खोल भेद आहे. जनगणना ‘तुमची मुख्य भाषा कोणती’ एवढेच विचारते, आणि ज्याने इंग्रजीच्या चौकोनात खूण केली त्याला घरात आणखी काय बोलता हे विचारत नाही. म्हणून भारतीय वंशाचे ३४ टक्के असलेल्या, आणि त्यांत गुजरात्यांचा मोठा वाटा असलेल्या शहरात गुजराती ही मुख्य भाषा सांगणारे ११ टक्क्यांच्या आसपास दिसतात. आमच्या केंद्रात सगळे जिला मासी म्हणतात त्या ज्येष्ठ सहकारी बाईंना मी हा आकडा दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “बेटा, मी फॉर्मवर इंग्लिशच लिहिलं. ऑफिसात तेच बोलते ना दिवसभर. पण पोटात दुखलं तर डॉक्टरला मी गुजरातीतच सांगणार.” त्यांचे हे म्हणणे दुभाष्याच्या गरजेविषयी मी वाचलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा नेमके होते. मराठीला या तक्त्यात स्वतंत्र ओळ आहे, आणि तिथेही हाच नियम लागू होतो. मुलांशी इंग्रजी आणि आईशी फोनवर मराठी बोलणारी आमच्यासारखी कितीतरी घरे त्या ओळीत नसणार.

धर्माची माहिती मी मुद्दाम थोडक्यात आटोपली. ख्रिस्ती २४.७ टक्के, मुस्लिम २३.५, कोणताही धर्म नाही असे सांगणारे २३, हिंदू १७.९ आणि शीख ४.५ टक्के आहेत. कोणताही एक समूह बहुसंख्य नाही एवढे सांगितले की आमच्या कामापुरते पुरे होते.

उदरनिर्वाहाचा भाग लिहायला घेतला तेव्हा तारखेने अडवले. जनगणनेचा दिवस २१ मार्च २०२१ होता, म्हणजे देश टाळेबंदीत होता आणि पुष्कळ लोक सरकारी मदतीवर पगारी सुट्टीत घरी होते. लेस्टरची गोष्ट तर आणखी वेगळी होती. २९ जून २०२० रोजी, उर्वरित इंग्लंड उघडण्याच्या बेतात असताना, या एका शहरावर पहिले स्थानिक निर्बंध जाहीर झाले होते. त्यामुळे कोण कामाला कसे जाते या प्रश्नाच्या उत्तरांवर फार भिस्त ठेवता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ३१.२ टक्के कामगार प्रामुख्याने घरून काम करत असल्याचे जनगणना सांगते. लेस्टरमध्ये ते प्रमाण बरेच कमी होते, आणि त्यातून इतके निश्चित कळते की इथले काम गोदामात, कारखान्यात, रुग्णालयात आणि दुकानात जाऊनच करावे लागते. ताज्या बेरोजगारीसाठी पाहणीच्या आकड्यांकडे वळावे तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने प्रतिसाद कमी पडल्याने श्रमशक्ती पाहणीचे अंदाज प्रसिद्ध करणेच थांबवले. एका शहरापुरता नमुना एरवीही लहान असतो, म्हणून तिथला प्रत्येक टक्का मी त्याच्या वरच्या-खालच्या मर्यादेसह लिहिला. त्याने पान दिसायला ओबडधोबड झाले, पण खरे राहिले.

लेस्टर हे मोजे, विणलेले कपडे आणि बुटांचे गाव होते. त्यापैकी मोठे कारखाने गेले. आज सगळ्यात जास्त माणसे रुग्णालये, दोन विद्यापीठे, शाळा आणि कौन्सिल यांच्या पगारावर आहेत, आणि ब्यूमॉन्ट लेजमध्ये बटाट्याच्या वेफर्सचा जगातील मोठ्या कारखान्यांपैकी एक चालतो. कपडे शिवण्याचा धंदा जुन्या गिरण्यांच्या इमारतींत लहान लहान गाळ्यांत उरला आहे. नोकऱ्यांची अधिकृत पाहणी व्हॅट किंवा पगार-कराच्या नोंदीत असलेल्या धंद्यांवरून केली जाते. नोंदीत नसलेला गाळा तिथे दिसत नाही, आणि नोंदीत असलेल्या गाळ्यात किती तास काम झाले हे मालक लिहील तसेच दिसते. आमच्या टेबलासमोर अशा बाया बसल्या आहेत, ज्यांच्या पगारपत्रकावर आठवड्याचे सोळा तास छापलेले असतात आणि ज्यांची बोटे, सुई लागून पडलेल्या काळ्या ठिपक्यांसकट, सांगतात की त्या सकाळी आठला मशीनवर बसतात आणि सहाला उठतात. किमान वेतनाचा हिशेब त्या सोळा तासांवर बरोबर येतो. कागदावर कायदा मोडलेला नसतो. २०२० च्या उन्हाळ्यात या कारखान्यांतील परिस्थितीवर देशभर चर्चा झाली, चौकश्या झाल्या, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी कामच बंद झाले. काम जाणे हाही त्या बायांसाठी दुसरा फटका होता. या गोष्टीला मी आकडा देऊ शकत नव्हते. म्हणून ‘कपडे उत्पादनातील नोकऱ्या’ या ओळीखाली, हा आकडा नोंदलेल्या नोकऱ्यांचा आहे आणि आमच्या केंद्राचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे, असे दोन वाक्यांत स्पष्ट लिहिले, आणि ती वाक्ये काढू नयेत असा आग्रह धरला.

पगाराच्या तक्त्याचे दोन प्रकार असतात, हे नव्याने प्रोफाइल लिहिणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. एक शहरात काम करणाऱ्यांच्या पगाराचा आणि दुसरा शहरात राहणाऱ्यांच्या पगाराचा. लेस्टरमध्ये पहिला मोठा आणि दुसरा लहान निघतो, कारण सल्लागार डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी यांच्यापैकी बरेच जण काउंटीतल्या गावांतून सकाळी गाडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. शहराच्या दरडोई उत्पादनाचेही तसेच आहे : उत्पादनात बाहेरून येणाऱ्यांचे श्रम धरलेले असतात, पण भागायला फक्त रहिवासी घेतले जातात. गुंतवणूकदारांना दाखवायच्या पत्रकात पहिला पगार घातला जातो. गरज दाखवायची असेल तर दुसरा घ्यावा लागतो. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि मधली तफावत हीच शहराची खरी अर्थस्थिती म्हणून मांडली.

कोणत्या भागात किती वंचितता आहे हे दाखवणाऱ्या सरकारी वंचितता निर्देशांकाबद्दल केंद्राच्या विश्वस्तांशी माझी बरीच चर्चा झाली. २०१५ मध्ये लेस्टर ३२६ प्राधिकरणांत २१व्या क्रमांकावर होते आणि २०१९ मध्ये ३१७ पैकी ३२व्या. क्रमांक जितका लहान तितकी वंचितता अधिक. एका विश्वस्तांनी विचारले की याचा अर्थ शहर सुधारले असा आहे का, आणि तसे असेल तर अर्जात ते कसे लिहायचे. पण हा निर्देशांक तुलनेचा आहे. आपण होतो तिथेच राहिलो आणि दुसरी गावे घसरली तरी आपला क्रमांक सुधारतो. शिवाय २०१९ च्या निर्देशांकातील बहुतेक माहिती २०१५-१६ ची होती. त्यात उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के वजन आहे, शिक्षण आणि आरोग्याला प्रत्येकी १३.५, आणि गुन्हे, घरे व राहण्याचा परिसर यांना प्रत्येकी ९.३. म्हणून मी एकत्रित क्रमांक एका ओळीत उरकून मोहल्लावार नकाशे दिले. त्यांत ब्रॉन्स्टन, न्यू पार्क्स, सॅफ्रन लेन या प्रामुख्याने गोऱ्या कामगारांच्या जुन्या कौन्सिल वसाहती उत्पन्न आणि शिक्षण या दोन्ही बाबतींत गडद रंगाने उठून दिसतात. या शहराची गरिबी म्हणजे स्थलांतरितांची गरिबी, असे बाहेरचे अनेक जण धरून चालतात, आणि आमच्या स्वतःच्या अर्जांतूनही नकळत तोच सूर निघत होता. आमचे केंद्र पूर्वेला आहे आणि त्या वसाहती पश्चिमेला व दक्षिणेला आहेत. बसने आमच्याकडे यायचे तर शहराच्या मध्यभागी क्लॉक टॉवरपाशी बस बदलावी लागते. नकाशा टेबलावर पसरल्यावर विश्वस्तांनी अर्जात पश्चिमेकडे आठवड्यातून एक दिवस बैठक भरवण्याचा खर्च धरला, आणि दमण-दीवच्या कुटुंबांसाठी सेटलमेंट योजनेचे काम जाणणारा अर्धवेळ सल्लागार मागितला.

अनुदान मंजूर झाले, अर्धवेळाऐवजी त्याहून थोड्या कमी तासांचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा वंचितता निर्देशांक आल्यामुळे ती पाने पुन्हा लिहायला घेतली आहेत. या वेळी तो २०२१ च्या गणना-विभागांवर मांडलेला आहे आणि काही मोहल्ल्यांच्या सीमा बदलल्या आहेत, त्यामुळे जुना आणि नवा नकाशा जसाच्या तसा एकावर एक ठेवता येत नाही. ज्या विभागांची हद्द बदलली त्यांची यादी आधी वेगळी काढते आहे, आणि तुलना फक्त उरलेल्यांचीच करणार आहे.